ठासणीची आटेदार बंदूक : नेम लागतो कुठे, डोळ्यात की हातात?



विजापूरची मुलुखमैदान तोफ तुम्हाला माहीत आहे. पण ती ओतली गेली आपल्या नगरात, हे किती जणांना ठाऊक आहे? निजामशाहीच्या काळात, 1549 साली, सुमारे 55 टनांची ही तोफ इथे तयार झाली. एवढ्या मोठ्या तोफेला बारीक नेमाची गरज नसते. समोर तटबंदी असते, गोळा कुठेही बसला तरी काम होते. पण एकटा शिपाई हातात बंदूक घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर भिंत नसते. समोर असतो माणूस, तोही हलणारा, झाडाआड लपणारा. इथे नेम लागलाच पाहिजे.

आठवीच्या इतिहासात आपण 1857 च्या लढ्याचा धडा शिकतो. त्यात 'एनफिल्ड बंदुका' आणि 'चरबी लावलेली काडतुसे' असे दोन शब्द येतात. आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. पण काडतुसाला चरबी मुळात लावायचीच कशाला? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात कमी आणि बंदुकीच्या नळीत जास्त आहे. म्हणून आजच्या पाठात आपण ती बंदूक समजून घेऊ. ती कशी भरत, तिचा नेम कशामुळे लागे आणि कशामुळे चुके, आणि त्यातून आपल्या जिल्ह्यापर्यंत काय घडले, ते बघू.

1. ठासणीची बंदूक म्हणजे काय?

आजच्या बंदुकीत काडतूस मागून घालतात. जुनी बंदूक पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून भरत. आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची आणि लांब गजाने दोन्ही तळापर्यंत ठासायचे. म्हणून ती ठासणीची बंदूक. 'सभागृह ठासून भरले होते' असे आपण म्हणतो, तो ठासण्याचाच शब्द. दारू ओली निघाली की नुसता फुस्स आवाज होई. त्याची आठवण 'फुसका बार' या शब्दात अजून टिकून आहे.

दारू पेटवण्याच्या पद्धतीवरून या बंदुकांचे तीन प्रकार होतात :

* तोड्याची बंदूक : जळत्या दोरीने, म्हणजे तोड्याने, कानाजवळची रंजक पेटवायची. रंजक म्हणजे पेट देणारी चिमूटभर बारीक दारू. आपल्याकडे गावोगावी हीच बंदूक फार काळ चालली.
* चकमकीची बंदूक : चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणगी पडते.
* टोपीची बंदूक : तांब्याची छोटी टोपी एका पोकळ बोंडावर बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की आतले रसायन भडकते आणि जाळ सरळ नळीत जातो. पावसातही ही सहसा दगा देत नाही.

1857 ची एनफिल्ड टोपीची होती. पण तिचे खरे वेगळेपण टोपीत नव्हते. ते नळीच्या आत होते.

2. गुळगुळीत नळी आणि आटेदार नळी

1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने आधी नगरची पेठ आणि मग 12 तारखेला भुईकोट किल्ला घेतला. त्या फौजेतल्या पायदळाच्या बंदुका आतून गुळगुळीत होत्या. नळीचा व्यास साधारण 19 मिलिमीटर आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. मध्ये दीड मिलिमीटरची फट! ती मुद्दाम ठेवलेली असे, कारण गोळी भराभर आत सरकली पाहिजे. पण बार उडाला की गोळी नळीत या बाजूला आपट, त्या बाजूला आपट, असे करत बाहेर पडायची. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा ठरणार. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून तर शिपायांना रांगेत खांद्याला खांदा लावून उभे करत आणि एकदम बार काढायला लावत. एकाची नाही तर दुसऱ्याची लागेल, एवढाच हिशेब.

आता भोवरा आठवा. जोरात फिरतो तोपर्यंत तो टोकावर उभा राहतो आणि फेरे मंदावले की डगमगतो. फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी सोडत नाही. गोळीलाही असेच फिरवले तर? त्यासाठी नळीच्या आत तिरक्या, वळत जाणाऱ्या खाचा पाडतात. त्यांना आपण आटे म्हणू, कारण स्क्रूच्या आट्यांसारख्याच त्या वळतात, फक्त खूप सावकाश. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्डमध्ये असे तीन आटे होते आणि सुमारे दोन मीटर अंतरात एक पूर्ण वळसा होत असे. नळी तर मीटरभरच लांब, म्हणजे आत गोळीला जेमतेम अर्धा फेरा मिळे. पण गोळी सेकंदाला अंदाजे 275 मीटर वेगाने सुटते. दोन मीटरला एक फेरा धरला तर सेकंदाला किती? जवळजवळ 140! भोवऱ्याची काय बिशाद!

3. अडचण : घट्ट गोळी की सैल गोळी?

आता तुम्ही म्हणाल, एवढे सोपे होते तर आटेदार बंदुका आधीच का वापरल्या नाहीत? वापरल्या होत्या. पण गोळी फिरायची तर ती आट्यांत घट्ट बसली पाहिजे. घट्ट गोळी नळीच्या तोंडातून खाली ढकलायला वेळ लागे, कधी हातोडीने ठोकावी लागे. लढाईत एवढा वेळ कोण देतो? सैल गोळी झटकन जाते पण फिरत नाही, घट्ट गोळी फिरते पण झटकन जात नाही. असा पेच होता.

तो सुटला गोळीचा आकार बदलल्यावर. फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने 1849 मध्ये शंकूच्या आकाराची, बुडाला पोकळ असलेली मऊ शिशाची गोळी पुढे आणली. आत जाताना ती नळीपेक्षा किंचित बारीक असते, म्हणून सहज उतरते. बार उडाला की दारूच्या वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, गोळीचे बूड फुगते आणि आट्यांत रुतते. जाताना सैल, येताना घट्ट! एनफिल्डची गोळीही याच तत्त्वावरची. नळीचा व्यास 0.577 इंच, म्हणजे 14.66 मिलिमीटर. गोळीचे वजन सुमारे 34 ग्रॅम आणि दारू साडेचार ग्रॅमच्या आसपास.

4. मग चरबी कशाला?

त्या काळची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती पूर्ण जळून वायू होत नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी बनतो. चुलीवरच्या पातेल्याला काजळी धरते ना, तशी ही नळीत आणि आट्यांत बसते. चार-पाच बार झाले की नळी आतून अरुंद होते. मग पहिली गोळी जशी सहज उतरली तशी सहावी उतरत नाही, अर्ध्यात अडकते.

यावर उपाय म्हणजे चिकणाई. गोळीभोवतीच्या कागदाला मेण आणि चरबी लावली की गोळी सरकते, काजळी मऊ राहते आणि पुढच्या गोळीबरोबर थोडी पुसलीही जाते. म्हणजे चरबी ही आटेदार नळीची गरज होती, कारण तिच्यात फटीला जागाच नव्हती. पण चरबी कशाची? गाईची की डुकराची? काडतूस दाताने फाडण्याची रीत होती. म्हणजे ती वस्तू तोंडाशी येणार. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांचा धर्म एकाच कागदाने धोक्यात आला.

गंमत बघा, मेण आणि तूप किंवा तेल यांनीही हे काम झाले असते. जानेवारी 1857 मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारने चरबी न लावलेली काडतुसे द्यायचे ठरवले. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभाही दिली. पुढे दाताऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही आली. पण विश्वास एकदा तुटला की तो तुपाने सांधत नाही. नेमाचा विचार करणाऱ्यांनी नळीचा विचार केला, ती हातात धरणाऱ्या माणसाचा केला नाही.

5. नेम कसा लागतो? भरण्याची शिस्त

जुन्या बंदुकांच्या स्पर्धा आजही जगात होतात. 1971 पासून त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. 'मिनिए' नावाच्या प्रकारात 100 मीटरवर 13 गोळ्या झाडतात आणि त्यातल्या सर्वोत्तम 10 धरतात. या खेळातले जाणकार एकच गोष्ट परत परत सांगतात : प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच भरा. डोळा कितीही तीक्ष्ण असो, भरण्यात फरक पडला की गोळी वेगळीकडे जाणार.

कसे, ते क्रमाने पाहू :

1. नळी कोरडी हवी. साफसफाईचे तेल तळाशी राहिले तर दारू भिजते आणि बार फुसका निघतो. म्हणून आधी नुसत्या एक-दोन टोप्या उडवून आतला मार्ग मोकळा करतात.
2. दारू मोजून. अंदाजाने ओतली तर एक गोळी वेगात जाईल, दुसरी मंद. मंद गोळी खाली लागते. एनफिल्डच्या कागदी काडतुसाचा मोठा फायदा हाच होता. दारू आधीच मोजून बांधलेली असे.
3. गोळ्या सारख्या. मऊ, शुद्ध शिसे हवे. कडक शिशाचे बूड फुगत नाही, मग आटे काय पकडणार? साच्यात ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर गोळी एका बाजूला जड होते आणि फिरताना डगमगते. म्हणून चांगले नेमबाज प्रत्येक गोळी तोलून घेतात.
4. ठासणे एकसारखे. गोळी दारूला टेकेपर्यंत गेलीच पाहिजे. गजावर खूण केलेली असते, ती नळीच्या तोंडाशी आली की समजायचे. गज आपटायचा नाही, आपटला तर गोळीचे नाक चेपते. आणि दारू व गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर नेम तर जातोच, नळीही फाटू शकते.
5. टोपी सर्वांत शेवटी. हा नियम जिवाचा आहे. आधी टोपी आणि मग ठासणे, असे कधीही नाही.
6. चाप ओढायचा नाही, दाबायचा. पुढची माशी, मागची खाच आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे, श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि चाप सावकाश दाबायचा. घोडा पडून गोळी बाहेर जाईपर्यंत क्षणाचा अवकाश असतो. त्या क्षणात 'लागली का?' म्हणून मान उचलली की संपले. बार उडाल्यावरही क्षणभर तसेच राहायचे.
7. ठरावीक बारांनंतर नळी पुसायची. दर पाच बारांनी पुसायची असेल तर दर पाचांनीच, आज पाच आणि उद्या दहा असे नको. शेवटी गरम पाण्याने धुवून कोरडी करायची, नाहीतर ही काजळी ओल धरते आणि लोखंड खाते.

या सात मुद्द्यांपैकी डोळ्याचा मुद्दा कितवा? सहावा, आणि तोही निम्माच! बाकी सगळी हाताची शिस्त.

6. अंतर ओळखा, नाहीतर सगळे व्यर्थ

आता थोडे विज्ञान. गोळी सुटल्याबरोबर गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढायला लागते. खाली येण्याचे सूत्र तुम्हाला माहीत आहे : s = ½gt². गोळीचा वेग सेकंदाला 275 मीटर धरू आणि हवेचा अडथळा तूर्त सोडून देऊ.

* 100 मीटरला वेळ 0.36 सेकंद, गोळी खाली येते सुमारे 0.65 मीटर.
* 200 मीटरला वेळ 0.73 सेकंद, खाली येते सुमारे 2.6 मीटर.
* 300 मीटरला वेळ 1.09 सेकंद, खाली येते सुमारे 5.8 मीटर.

अंतर दुप्पट झाले तर घसरण चौपट, तिप्पट झाले तर नऊपट. हवेचा अडथळा धरला तर याहूनही जास्त. म्हणून एनफिल्डवर मागच्या बाजूला अंतराच्या खुणांची वर-खाली सरकणारी पट्टी होती. लांबचे लक्ष्य असेल तर पट्टी वर सरकवायची, म्हणजे नळीचे तोंड आपोआप उचलले जाते.

पण इथेच सापळा आहे. समजा पट्टी 300 मीटरवर लावली आणि समोरचा माणूस प्रत्यक्षात 200 मीटरवर आहे. हिशेब केला तर गोळी नेमाच्या सुमारे सव्वा मीटर वरून जाते. कमरेवर नेम धरला असेल तर ती डोक्यावरून निघून जाईल! बंदूक उत्तम, भरणे उत्तम, नेम उत्तम, आणि तरी गोळी वाया. म्हणून इंग्लंडमध्ये 1853 साली हाइथ येथे नेमबाजीची शाळा निघाली, तेव्हा तिथे शिपायांना अंतर नजरेने ओळखण्याची खास कवायत देत. किती अंतरावर माणसाचा चेहरा दिसतो, किती अंतरावर नुसता आकार उरतो, हे मैदानात उभे राहून शिकायचे.

7. ज्याच्या हाती आटे, त्याच्या हाती पल्ला

12 जुलै 1857 रोजी उत्तरेत फतेहपूरला हॅवलॉकच्या गोऱ्या पलटणी एनफिल्ड घेऊन उतरल्या. समोरच्या हिंदी शिपायांकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. आपली गोळी पोचण्याआधीच समोरची येऊन लागते, हा अनुभव त्यांना तिथे आला. ज्या बंदुकीचे काडतूस नाकारले तिच्याच गोळ्या झेलाव्या लागल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. भागोजी नाईक हे भिल्ल पुढारी पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होते. 1855 मध्ये त्यांना शिक्षा झाली, पुढे सुटका झाली. त्यानंतर सरकारने सरसकट हत्यारे काढून घेण्याचा हुकूम काढला आणि भागोजींनी आपले नांदूर शिंगोटे गाव सोडून पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा डोंगरावर ठाण मांडले. (हे गाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण नाशिक हा वेगळा जिल्हा 1869 मध्ये झाला.) 4 ऑक्टोबर 1857 रोजी तिथल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. दोनच आठवड्यांनी, 18 ऑक्टोबरला, आपल्या अकोले तालुक्यातल्या समशेरपूरच्या डोंगरात दुसरी चकमक झाली. हा लढा दोन वर्षे चालला. 11 नोव्हेंबर 1859 रोजी सिन्नर तालुक्यात भागोजी लढता लढता पडले.

लक्षात घ्या, ठिणगी कशाची होती? हत्यारे काढून घेण्याची. उत्तरेत नवी बंदूक हातात देण्यावरून आग लागली, आपल्याकडे असलेली काढून घेण्यावरून.

लढा मोडल्यावर सरकारने काय केले? हिंदी पलटणींसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत बंदूक बनवली. आटे नाहीत, नळी जास्त रुंद, आणि अंतराची सरकती पट्टीही काढून टाकलेली. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही, पण पल्ला गेलेला! पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणेच बंद झाले. तीन बारीक खाचा, पण त्या कोणाच्या नळीत असाव्यात हा राज्यकर्त्यांचा मोठा प्रश्न होता.

8. एक महत्त्वाची सूचना

आपल्या भागात जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या भिंतीवर कधी कधी आजोबा-पणजोबांची बंदूक असते. ती मोडकी दिसते म्हणून खेळायला घेऊ नका. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेऊ शकते. चाप ओढून बघू नका, नळीत डोकावू नका, आत काही खुपसू नका. मोठ्यांना सांगा आणि त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. वापरण्याजोगी बंदूक, मग ती ठासणीची का असेना, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ठेवता येत नाही. आजचा पाठ समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

जुनी शस्त्रे बघायची असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. आणि आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर सेंच्युरियन आणि विजयंता रणगाड्यांसमोर जरा थांबा. त्यांच्या तोफाही आटेदारच आहेत. भोवऱ्याचे तेच तत्त्व, फक्त नळी मोठी!

स्वाध्याय

1. गुळगुळीत नळीच्या बंदुका असलेल्या फौजा दाट रांगेत का उभ्या राहत? कारण द्या.
2. मिनिएच्या गोळीचे बूड पोकळ नसते तर काय झाले असते?
3. 400 मीटरला गोळी किती खाली येईल? (सूचना : 100 मीटरच्या आकड्याला किती पट करायचे ते शोधा.)
4. 'काडतुसाची चरबी ही तांत्रिक गरज होती, पण तिचे उत्तर एकच नव्हते.' या विधानावर पाच-सहा ओळी लिहा.
5. आपल्या गावच्या रस्त्यावर मित्राला उभे करा. 50, 100 आणि 200 मीटरवर त्याचे काय काय दिसते याची नोंद करा. आधी अंदाज लिहा, मग पावलांनी मोजा. तुमचा अंदाज किती चुकला?

पाचवा प्रश्न नक्की करून बघा. हाइथच्या शाळेतला तो पाठ बंदुकीशिवायही शिकता येतो.